'जय भीम कॉम्रेड' आणि जळालेले डबे

उल्हासनगर-अंबरनाथकडच्या लोकांना २००६ साल विचारा. 'डेक्कन क्वीन जाळली ते ना?' असं उत्तर येईल. तारीख होती ३० नोव्हेंबर. कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती. त्याआधी दोनच महिने, २९ सप्टेंबरला, खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली होती. डबे लक्षात राहिले, खैरलांजी मागे पडली.

आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११) ही विसरण्याची खोड मोडते, म्हणून ती बघावी. तीन तासांहून मोठी आहे, मोबाईलवर दोन-तीन बैठका लागतील. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण गेले. थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. घोगरेंचं गाणं पटवर्धनांनी आधीच्या 'हमारा शहर'मध्ये घेतलं होतं. त्यामुळे ते तिथे पत्रकारासारखे नाही, ओळखीच्या माणसाच्या दारी जावं तसे जातात आणि पुढची १४ वर्षं जातच राहतात.

फिल्मची खरी ताकद गाण्यांत आहे. जयंतीचा डीजे बघून नाक मुरडणाऱ्यांनी तर ती बघाच. गाणारी माणसं आणि कोर्टाच्या निकालाची वाट बघणारी माणसं तीच आहेत. वस्तीत इतिहास जिवंत ठेवलाय तो गाण्यांनीच.

मला खटकतं ते दुसरंच. गोळीबाराचा सगळा राग मनोहर कदम या एका अधिकाऱ्याभोवती गोळा होतो. गुंडेवार आयोगाने त्याला दोषी धरलं, २००९ मध्ये जन्मठेप झाली, पुढे हायकोर्टातून जामीन. राग रास्तच आहे. पण आमच्या ऑफिसात सर्व्हर बसला तरी 'कोणी केलं' याच्या आधी 'सिस्टीमने होऊ कसं दिलं' हे लिहावं लागतं. वस्तीत रायफली पाठवायचं कोण ठरवतं? निकालाला १२ वर्षं का लागतात? तिकडे कॅमेरा फारसा वळत नाही.

पोलीस सुधारणांचा सुप्रीम कोर्टाचा प्रकाश सिंह निकाल आला २२ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजीच्या बरोबर सात दिवस आधी. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असं त्यात होतं. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा बदलला २०१४ मध्ये. ही तारीख कुठल्याच जयंतीच्या बॅनरवर मला दिसलेली नाही.

दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांचं नाव उचललं, त्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पोरांचं सुरुवातीचं कामच पोलिसांच्या गाडीमागे फिरून नजर ठेवणं हे होतं. नाव आपल्याकडे पक्कं रुजलं, नजर ठेवायची सवय तेवढी नाही. २०२४ च्या सप्टेंबरात बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा इकडे किती जणांनी 'बरं झालं' म्हटलं! डिसेंबरात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, धरपकड झाली आणि कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. तेव्हा मात्र तेच लोक गप्प होते.