गोठ्यातला उधळ्या पुत्र

उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तावर चित्र काढावयाचे म्हटले, की चित्रकाराला सहसा मोह पडतो तो पित्याच्या मिठीचा. रेम्ब्राँने आयुष्याच्या अखेरीस रंगविलेली ती मिठी जगप्रसिद्धच आहे. फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रुबेन्स (१५७७-१६४०) याने मात्र १६१८च्या सुमारास हा विषय तैलरंगांत हाताळला, तेव्हा पुत्राला नेऊन बसविले ते एका गोठ्यात. अँटवर्पच्या संग्रहालयातील हे चित्र प्रथमदर्शनी निव्वळ ग्रामीण जीवनाचेच वाटते.

चित्राची बहुतेक जागा गोठ्याने व्यापली आहे. लाकडी खांब आणि तुळया, मेणबत्तीचा मंद उजेड, घोडे, गाई, पेंढा आणि दिवस मावळताना कामे उरकणारी गडीमाणसे. नायक शोधावाच लागतो. अगदी उजव्या बाजूला, डुकरांच्या डोणीपाशी तो अर्धनग्न अवस्थेत गुडघे टेकून आहे. त्याची याचक नजर समोरच्या दासीवर खिळली आहे.

गोठा रंगविण्याच्या नादात चित्रकार दृष्टान्तच विसरला, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात हा मुलगा भानावर येतो, तेव्हा त्याला प्रथम आठवतात ते बापाच्या घरचे मोलकरी आणि त्यांना मिळणारी पोटभर भाकर. रुबेन्सने नेमका हाच विचार रंगांत उतरविला आहे. येथे घोड्यांना चारा आहे, डुकरांना खाद्य आहे, गड्यांना काम आहे. ज्याच्या वाट्याला काहीच नाही असा एकच जीव या गोठ्यात आहे, आणि तो धनिकाचा पुत्र आहे!

उणीव काढावयाचीच तर ती पुत्राच्या देहाची. रुबेन्सच्या कुंचल्याला भरदार शरीरांची इतकी सवय, की उपासमारीने खंगलेला माणूस त्याला साधत नाही. भूक दिसते ती देहात नव्हे, नजरेत.

दृष्टान्त वाचताना आपण डुकरांपासून थेट मिठीपर्यंत धाव घेतो. मधले मोलकरी आपल्या ध्यानातही राहत नाहीत. हे चित्र आपल्याला गोठ्यातच थांबविते. पश्चात्तापाची वाट येथे कष्टकऱ्यांच्या भाकरीवरून जाते, हे रुबेन्सने ओळखले. म्हणूनच त्याचा गोठा ही केवळ पार्श्वभूमी उरत नाही. दृष्टान्ताचे मर्मच तेथे आहे, असे आम्ही मानतो.