‘द ऑक्टोपस’ : नियती आणि उत्तरदायित्व

फ्रँक नॉरिस याच्या ‘द ऑक्टोपस’ (१९०१) या कादंबरीची गणना मक्तेदारीविरोधी वाङ्मयात केली जाते. कॅलिफोर्नियातील मसल स्लू येथे ११ मे १८८० रोजी जमिनीच्या मालकीवरून झालेला गोळीबार तिच्या मुळाशी आहे. ‘सदर्न पॅसिफिक’ या लोहमार्ग कंपनीशी शेतकऱ्यांचा जो तंटा होता, त्यात या गोळीबारामुळे सात माणसे प्राणास मुकली. तथापि मक्तेदारीचे चित्रण करणे आणि तिला उत्तर देणे ही दोन भिन्न कार्ये होत; दुसऱ्या कार्यात ही कादंबरी स्वतःच्याच आशयाविरुद्ध जाते.

तिचे सामर्थ्य तपशिलात आहे. पूर्वी कंपनीत एंजिनचालक असलेला डाइक हॉप्सची लागवड करतो. पुढे कंपनी वाहतुकीचा दर पौंडामागे दोन सेंटांवरून पाच सेंटांवर नेते आणि त्याचा सारा नफा गिळंकृत होतो. दरपत्रकातील एक आकडा हीच राजसत्ता, हे सत्य येथे व्याख्यानावाचून प्रकट होते. रेल्वे आयोग हस्तगत करण्यासाठी शेतकऱ्यांचा संघ लाच देतो, त्यातून मॅग्नस डेरिकचा अधःपात होतो. तेथेही नॉरिसची दृष्टी निर्भीड आहे. प्रतिपक्षाचेच साधन उचलणारी चळवळ अखेर त्याच्याच पंक्तीस बसते.

परंतु कंपनीचा अध्यक्ष शेल्ग्रिम कवी प्रेस्लीला बजावतो की, गहू आणि लोहमार्ग या शक्ती आहेत. त्यांबद्दल माणसांना दोष देणे व्यर्थ होय. प्रेस्ली निरुत्तर होतो आणि शेवटी कादंबरीचा सूरही याच तत्त्वज्ञानाकडे झुकतो. वाहतुकीचा दर जणू पर्जन्यासारखा ठरतो! ओमाहा येथे १८९२ साली लोकपक्षाने घेतलेली भूमिका नेमकी याच्या उलट होती. लोहमार्गांची सरकारी मालकी आणि उत्पन्नावर चढता कर या तिच्या मागण्यांमागील गृहीतक एकच : जे माणसांनी ठरविले, ते माणसांना बदलता येते.

इतिहासाचा कौलही शेल्ग्रिमला अनुकूल नाही. याच कंपनीचे राजकीय वर्चस्व मोडण्याचे आश्वासन देऊन हायरम जॉन्सन १९१० मध्ये गव्हर्नरपदी निवडून आला. १९११ मध्ये रेल्वे आयोगाला दरनियंत्रणाचे प्रभावी अधिकार, तर मतदारांना कायदा सुचविण्याचा व अधिकाऱ्यांना परत बोलावण्याचा हक्क मिळाला. त्याच्याच कारकीर्दीत १९१३ साली जपानी शेतकऱ्यांना जमिनीची मालकी नाकारणारा कायदाही झाला. ‘लोक’ या शब्दाची कक्षा कोणी आखावयाची, हा प्रश्न तेथे उघडा पडला.

सुधारणा आणि अन्याय, दोहोंचेही कर्ते मनुष्यच होत. नॉरिसचा नियतिवाद सुधारणेचे श्रेय आणि अन्यायाचा दोष दोन्ही पुसून टाकतो. कादंबरीचे खरे न्यून हेच होय.