निराधार कोणास म्हणावे? : एका अनुदान-योजनेचे परीक्षण

शासनाचे निर्णय हे केवळ कारभाराचे कागद नव्हेत. त्यांतील एकेका शब्दावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते. म्हणून त्या शब्दांमागील गृहीते तपासणे हेही समीक्षेचेच कार्य मानले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८० साली सुरू केलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा प्रस्तुत लेखात, घटस्फोटित व घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुले यांच्यापुरता विचार केला आहे.

करवीरनगरीस हा विषय परका नाही. १९१९ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी काडीमोडीसंबंधी आणि स्त्रियांना होणाऱ्या क्रूर वागणुकीविरुद्ध कायदे केले. विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग त्यांनी मान्य केला. परंतु बाहेर पडलेल्या स्त्रीच्या निर्वाहाचा काही भार शासनाने उचलावा, हा विचार पुष्कळ पुढचा. १९८८ साली संगमनेर येथे भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेसारख्या प्रयत्नांतून त्यास वाचा फुटली.

योजनेचा मोठा गुण प्रथम सांगितला पाहिजे. २००८ च्या सुधारित निर्णयाने घटस्फोट झालेल्या स्त्रियांबरोबरच घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रियांनाही पात्र ठरविले. अट एवढीच की, त्यांना पोटगी मिळत नसावी, अथवा विहित उत्पन्नमर्यादेहून कमी मिळत असावी. येथे ‘मिळणे’ हे क्रियापद फार मोलाचे आहे. पोटगी मंजूर होणे वेगळे आणि हाती पडणे वेगळे, हा भेद निर्णयकर्त्यांनी ओळखला, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि ही दृष्टी पुढे टिकत नाही. त्या निर्णयाने कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये ठरविली. म्हणजे महिन्याकाठी १,७५० रुपये. याउलट २०२४ च्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत हीच मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली, आणि मासिक रक्कम दोन्हीकडे १,५०० रुपयेच! निराधारांसाठीच निघालेल्या योजनेची कसोटी अधिक कडक असावी, हे तर्कास धरून नाही. नव्या योजनेत घटस्फोटिता व परित्यक्ता यांना स्थान आहे, हे खरे. परंतु २०२५ साली लाभार्थींची ओळख पडताळताना पतीचे वा पित्याचे आधारपत्र मागण्यात आले, आणि ओरड झाल्यावर घटस्फोटितांस न्यायालयाचे कागद सादर करण्याची मुभा देण्यात आली. जी परित्यक्ता न्यायालयाची पायरीच चढलेली नाही, तिने असा कागद कोठून आणावा? जिला पतीने टाकले, तिची ओळख पुन्हा त्या पतीवरूनच पटवावयाची, हा विरोधाभास सामान्य नव्हे.

दुसरा दोष मुलांविषयीचा होय. २०२३ पूर्वी मूळ अनुदान १,००० रुपये असे. एक अपत्य असलेल्या विधवेस १,१०० आणि दोन अपत्ये असलेल्या विधवेस १,२०० रुपये मिळत. ही वाढ तुटपुंजी होती आणि विधवेपुरतीच होती. घटस्फोटितेची मुले जणू कमी जेवतात! तरीही मूल हा खर्चाचा स्वतंत्र घटक आहे, हे तत्त्व तिच्यात होते. २०२३ साली सर्वांस सरसकट १,५०० रुपये करण्यात आले. रक्कम वाढली हे स्वागतार्हच. पण तत्त्व मात्र लोपले. एकट्या स्त्रीस जेवढे, तेवढेच दोन मुलांच्या आईस. तिच्या घरी माणशी वाटा पाचशेचा.

शासनाने पैसे दिले तर पती जबाबदारीतून सुटेल, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो टिकत नाही. पश्चिम जर्मनीत १९८० च्या आरंभापासून अंमलात आलेल्या कायद्याने, जबाबदार पालक निर्वाहाची रक्कम देत नसेल तर ती मुलास शासनाने आगाऊ द्यावी आणि मागाहून त्या पालकाकडून वसूल करावी, अशी व्यवस्था केली. आपली योजनाही त्याच वर्षीची. पण वसुलीची खटपट आपल्याकडे स्त्रीच्याच माथी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० साली, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे स्पष्ट केले. म्हणजे गरज अर्जाच्या दिवसापासून आहे, हे न्यायाने मानले. अर्ज आणि प्रत्यक्ष पोटगी यांमधील हा काळच शासकीय साहाय्याचे खरे क्षेत्र होय.

सारांश, या योजनेने स्त्रीला तिच्या तुटलेल्या नात्यावरून ओळखले. तिच्या ताटाभोवती बसणाऱ्यांवरून नव्हे. ‘निराधार’ या संज्ञेची व्याख्या पतीच्या अभावावर न उभारता अवलंबून असलेल्या जीवांच्या संख्येवर उभारली, तर अनुदान या शब्दातील दानाचा भाव मावळून त्यास हक्काचे रूप येईल. आपल्या तालुक्यांतील तहसील कचेऱ्यांत नामंजूर झालेल्या अर्जांची कारणे गोळा करून त्यांचा अभ्यास करणे, हे या दिशेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येण्याजोगे कार्य आहे.