सायकल संग्राहकाने सिद्धांताला अडवलं तेव्हा

आमच्या विषयात, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सामाजिक अभ्यासात, पहिल्याच सत्रात एक चित्र हमखास दिसतं. पुढे माणसाच्या छातीएवढं चाक, मागे इवलंसं चाक. ही ‘ऑर्डिनरी’ किंवा पेनी-फार्दिंग सायकल. ती तिथे का असते? तर ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर यांनी १९८४च्या एका लेखात ती उदाहरण म्हणून घेतली, आणि पुढे १९९५मध्ये बायकरांनी आपल्या पुस्तकात तिचा विस्तार केला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: यंत्र ‘चालतं’ म्हणून टिकत नाही, कोणत्या गटाला त्यात काय दिसतं यावर ते ठरतं. धाडसी तरुणांना उंच चाक मर्दानी वाटलं, तर स्त्रिया आणि वयस्कर मंडळींना ते जीवघेणं वाटलं. म्हणजे लोखंड तेच, पण यंत्रं दोन. या मांडणीचं लघुनाव स्कॉट.

२००२मध्ये ‘टेक्नॉलॉजी अँड कल्चर’ या नियतकालिकात निक क्लेटन यांनी या मांडणीवर लेख लिहिला. क्लेटन जुन्या सायकलींच्या जगातले. व्हेटरन-सायकल क्लबच्या ‘द बोनशेकर’चं त्यांनी संपादन केलेलं. त्यांची तक्रार सरळ होती: तुमचा सिद्धांत दुय्यम पुस्तकांवर उभा आहे, आणि त्या पुस्तकांतच चुका आहेत. पिंच-बायकरांनी त्याच अंकात उत्तर दिलं.

आमच्याकडे हा वाद ‘हौशी विरुद्ध अभ्यासक’ असा सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. जुनी सायकल गोळा करणारा माणूस काही फक्त शोभेची वस्तू जमवत नसतो. हब उघडून, तारा मोजून, पायडल मारून त्याला जे कळतं ते छापील जाहिरातीत नसतं.

उंच चाकाचंच बघा. क्रँक थेट पुढच्या चाकाला जोडलेला. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. ५६ इंची चाक एका फेरीत जवळपास साडेचार मीटर जातं. वेग हवा तर चाक मोठं करा, आणि त्याला मर्यादा तुमच्या पायाच्या लांबीची! (सायकलवाले आजही गिअर ‘इंचां’त मोजतात, तो याच चाकाचा वारसा.) साखळी आली आणि हे बंधन सुटलं: पायडलकडच्या चक्राला चाकाकडच्या चक्राच्या दुप्पट दात दिले की ३० इंची चाकातून ६० इंचांचा परिणाम मिळतो. १८८५ची स्टार्लींची रोव्हर याच वाटेवरची. या सगळ्यात मर्दानगीचा भाग होताच, नाही असं नाही. पण पायाची लांबी कोणत्याही गटाच्या मतावर बदलत नाही.

माझी स्वतःची मोठी तक्रार हवेच्या टायरबद्दल आहे. डनलॉप यांनी १८८८मध्ये तो आणला तो हादरे कमी करायला. शर्यतवाल्यांना हादऱ्यांचं सोयरसुतक नव्हतं, त्यांनी थट्टा केली. मग १८८९मध्ये बेलफास्टला विली ह्यूम त्या टायरवर जिंकले आणि थट्टा थांबली. स्कॉटनुसार इथे प्रश्नाची ‘पुनर्व्याख्या’ झाली: हादऱ्यांवरचा उपाय वेगावरचा उपाय ठरला.

एम.एस्सी.ला फिजिक्स केलेल्या माणसाला इथे थांबावंसं वाटतं. कडक रबराचं चाक खड्याला लागतं तेव्हा सायकल आणि स्वार दोघंही किंचित वर उचलले जातात. ती ऊर्जा पायातूनच जाते. हवेचा टायर तो खडा पोटात घेतो. म्हणजे हादरा आणि मंद वेग हे दोन प्रश्न नव्हतेच. खडबडीत रस्त्यावर ते एकाच नुकसानीचे दोन चेहरे होते. हे नातं कोणी बैठक घेऊन ठरवलं नाही. शर्यतवाल्यांना ते उशिरा दिसलं, एवढंच. ते का दिसलं नाही, हा मात्र खरा सामाजिक प्रश्न आहे, आणि तो विचारायला स्कॉटच लागतो. म्हणून क्लेटन यांच्या दुरुस्त्यांनी सिद्धांत कोसळतो असं मला वाटत नाही. तो लंगडतो.

आता संग्राहकांकडेही वळू, कारण तिथेही सगळं आलबेल नाही. ‘पहिली सायकल आमचीच’ हा जुना रोग. कोंत द सिव्राक यांचं १७९१चं लाकडी दुचाकी वाहन जवळपास शतकभर पुस्तकांत फिरत राहिलं. ते मुळात १८९१मध्ये एका फ्रेंच लेखकाने रचलेलं होतं. १९७०च्या दशकात झाक सेरे यांनी ते उघड केलं. दुसरं त्याहून नाजूक. गंज घासला, नवा निकेल मुलामा दिला, चकचकीत काळा रंग मारला, आजचं रबर बसवलं की सायकल देखणी होते, पण साक्षीदार म्हणून मुकी होते. मूळ एनॅमलखालचा थर, कुठल्याशा लोहाराने बदललेला क्रँक, एका बाजूनेच झिजलेलं पायडल, हेच तर आम्हा अभ्यासकांना हवं असतं. आजच्या रबरावर ‘तेव्हा कसं वाटत असेल’ याचा अंदाज घेणंही अर्धवटच.

वाचायचं असेल तर आधी क्लेटन वाचा, मग त्याच अंकातलं उत्तर. उलट क्रमाने वाचलं तर क्लेटन नुसते चिडके वाटतात. आणि जवळपास कोणाकडे जुनी सायकल असेल, तर पानं उलटण्याआधी तिचं पुढचं चाक उचलून, फिरवून बघा.