गोधडीचें परीक्षण

कवितासंग्रह, कादंबऱ्या आणि नाटकें यांचीं परीक्षणें वाचण्याची आमच्या वाचकांस संवय आहे. या वेळीं आम्ही जी कृति परीक्षणासाठीं घेतली आहे तिला प्रस्तावना नाहीं, प्रकाशक नाहीं, आणि तिच्यावर कोणाचें नांवही घातलेलें नाहीं. ती आमच्या मांडीवर पसरलेली आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या एका गांवाहून ती आमच्या घरीं आली. लांबी पुरुषभर, रुंदी त्याहून थोडी कमी, आणि वजन असें कीं, उचलतांना दोन्ही हात लागावे. ही एक गोधडी आहे. वाङ्मयीन मासिकाचीं पानें गोधडीवर खर्च करणें कित्येकांस विनोदाचें वाटेल. पण ज्या कृतींत निवड आहे, रचना आहे, करणारीची ओळख पटविणारी लकब आहे, आणि जी बिघडली म्हणजे कां बिघडली हें सांगतां येतें, तिचें परीक्षण कां होऊं नये, याचें उत्तर आम्हांस अद्याप कोणीं दिलेलें नाहीं.

भोर आणि वेल्हें हा पुणें जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडील डोंगराळ मुलूख. भोर हें १९४८ पर्यंत पंतसचिवांचें संस्थान होतें. वेल्हें म्हणजे राजगड-तोरण्याचा तालुका, ज्यास राजगडाचेंच नांव देण्याचा निर्णय सरकारनें २०२४ सालीं घेतला. पाऊस मुसळधार, शेतें भाताचीं, आणि घरचा कर्ता पुरुष पुष्कळदां मुंबईस कामाला. चार महिने ओलीचे असल्यामुळें येथें पांघरूण ही चैनीची वस्तु नव्हे. भाताची झोडणी उरकल्यावर आणि पुढील पेरणीपूर्वीं जे मोकळे दिवस सांपडतात त्यांत गोधड्या शिवल्या जातात. तळाला एक अखंड लुगडें पसरावयाचें, त्यावर धोतराचे, सदऱ्यांचे, परकरांचे जुने थर, आणि वरून दुसरें लुगडें. मग चार बाजूंस चौघी बसतात आणि कडेपासून आंत, ओळीमागून ओळ, धांवदोरा घालीत सरकत जातात. चौकोनांत चौकोन लहान होत होत शेवटीं मध्यावर सगळ्यांचे गुडघे एकमेकींस लागतात. या रीतीमुळें गोधडी एकटीनें शिवतां येत नाहीं असें नाहीं. पण एकटीनें शिवलेली गोधडी ओळखूं येते.

आमच्या गोधडींत चार हात स्पष्ट दिसतात. एका बाजूचा टांका तांदळाच्या दाण्याएवढा आणि शेवटपर्यंत तेवढाच. दुसऱ्या बाजूचा लांबट, घाईचा. या बाईला घरीं जाऊन चूल पेटवावयाची असावी. तिसरी ओळ मधूनच तिरकी जाते आणि पुन्हां वाटेवर येते. बोलतां बोलतां मान वळल्याची ती खूण, असें आम्ही समजतों. चवथ्या बाजूस कोपऱ्याजवळ हातभर जागेंत टांके वेडेवांकडे पडले आहेत, आणि त्यांच्या शेजारून कोणी सरावलेल्या हातानें दुसरी ओळ घालून त्यांस आधार दिला आहे. मूळचे टांके मात्र उसवलेले नाहींत. शिकणाऱ्या पोरीचा हात असा राखून ठेवण्याची रसिकता आम्हां संपादकांच्या अंगीं असती, तर कित्येक नवे लेखक आम्हांस दुवा देते.

रंगाविषयीं एकच गोष्ट सांगतों. वरच्या बाजूस, गडद हिरव्या लुगड्यावर, तांबड्या खणाचा एक तुकडा बसविला आहे. तो बरोबर मध्यावर नाहीं. चार बोटें डावीकडे आहे. प्रथम आम्हांस हा दोष वाटला. बोटांनीं चांचपून पाहिलें तेव्हां कळलें कीं, लुगडें तेथें विरलें होतें. गरजेनें जागा ठरविली आणि डोळ्यानें रंग ठरविला. तो तुकडा मध्यावर असता तर गोधडी गालिच्याची नक्कल झाली असती.

याच डोंगरांतील जात्यावरच्या ओव्यांचें भाग्य निराळें. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांचे सहकारी यांनीं मुळशी, मावळ, भोर, वेल्हें आणि इतर भागांतील बायांकडून ओव्या गोळा केल्या. संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि २०१७ पासून 'परी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेनें तो ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढें मांडण्यास आरंभ केला. पहाटे जातें ओढणारे जे हात, तेच दुपारीं सुई धरणारे. पण ओवी शब्दांची होती म्हणून ती विद्वानांच्या कानीं पडली, आणि टांका मात्र धुण्याच्या दगडावर विरून गेला. दसऱ्यापूर्वीं नदीवर गोधड्या धुण्याची रीत आहे. त्या दिवसांत कांठावर जें प्रदर्शन मांडलेलें असतें त्यास समीक्षक कधीं गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. बंगालच्या कांथ्यास १९३९ सालींच स्टेला क्रामरिश यांच्यासारखी निबंधलेखिका लाभली. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचा ग्रंथ निघाला तो २०१३ सालीं, आणि त्याचा प्रकाशक फ्रेंच. कांथ्यावर हत्ती, रथ, कमळ असतात. तेथें पाहणाऱ्यास वाचावयास चित्र मिळतें. आमच्या गोधडीवर चित्र नाहीं, नुसता टांका आहे, आणि नुसता टांका वाचावयास आम्ही शिकलों नाहीं.

आतां आपल्या घरांतील भरतकामाकडे वळूं. दोसुतीवर फुल्या मोजून काढलेला राजहंस, उशीच्या अभ्र्यावर साखळीटांक्याची वेल, दारावर मण्यांचें तोरण, आणि कांचेच्या चौकटींत 'सुस्वागतम्': मध्यमवर्गीय मराठी घर ज्यांस आठवतें त्यांस या वस्तु आठवल्यावांचून राहणार नाहींत. दुपारचें झांकपाक उरकलें कीं चारचौघी जमत आणि एकमेकींचे नमुने उतरवून घेत. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन सुरू झालें. तेथील शिवणकामाचा हेतु छंदाचा नव्हता, निराधार स्त्रियांच्या हातीं स्वतःचे चार पैसे यावे हा होता. पुढें जेथें पैशाची निकड नव्हती त्या घरांत तेंच काम विरंगुळा झालें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. या कामांतील हात गोधडीच्या हातापेक्षां पुष्कळदां बारीक आणि शिस्तीचा असतो, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु राजहंस कागदावरून आलेला असतो. शेजारच्या घरींही तोच असतो, त्याच बाजूस मान वळवून. शिवाय काम पाहुण्यास दिसावें म्हणून केलेलें, तेव्हां चौकट उघडून मागें पाहिलें तर गांठींचें रान. धारवाड-बेळगांवकडील कसुतींत 'गवंती' म्हणून टांका आहे. तो दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसला पाहिजे आणि त्यांत गांठ मारावयाची नाहीं, असा दंडक आहे. गोधडीस तर उलट बाजू अशी नसतेच. एक बाजू जगाकडे, दुसरी अंगाकडे; आणि अंगाकडची अधिक महत्त्वाची.

हें सर्व लिहिण्याचें कारण असें कीं, आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळानें आपला भरतकामाचा छंद दानाकडे वळविला आहे. डोंगराकडील एका वसतिगृहांतील मुलांसाठीं थंडीपूर्वीं नऊ गोधड्या द्यावयाच्या, असें ठरलें. हेतूबद्दल आम्हांस आदर आहे, आणि आमच्याच घरांतील दोन माणसें या कामांत असल्यामुळें पुढील टीकेचा कांहीं वांटा आमच्या पदरीं पडतो.

तयार झालेल्या गोधड्या आम्हीं पाहिल्या. वरचें कापड नव्या छापील चिटाचें, मोहक. कांठाला यंत्राची टीप. एकीवर भरीव टांक्याचें सूर्यफूल, खरोखर सुंदर. आणि आंत काय? कोणास नकोशा झालेल्या कृत्रिम धाग्याच्या साड्या. त्यांवर वीतवीत अंतरानें ओळी, आणि टांका दोन बोटें लांब. "द्यायच्याच आहेत; पोंचल्या म्हणजे झालं," हें वाक्य त्या दुपारीं आम्हीं दोनदां ऐकलें. सूर्यफुलास आठ दिवस दिले होते आणि गोधडीस एक दुपार.

कुडकुडणारें मूल टांके मोजीत बसत नाहीं, असें आम्हांस उत्तर मिळालें. तें मोजीत नाहीं हें खरें. पण त्यास टांका लागतो. गोधडीची ऊब कापडांत असते त्याहून अधिक थरांमध्यें कोंडलेल्या हवेंत असते, आणि थरांस जागेवर धरून ठेवणें हेंच टांक्याचें काम. ओळी विरळ असल्या आणि आंतलें कापड बुळबुळीत असलें कीं दुसऱ्या धुण्यालाच सगळा ऐवज पायथ्याशीं गोळा होतो, आणि मुलाच्या छातीवर दोन पदर चीट तेवढें उरतें. सुती लुगडें वर्षानुवर्षें धुतलें जाऊन मऊ होतें, एकमेकांस धरून बसतें, घाम टिपतें. कृत्रिम साडीचा रंग मात्र टिकतो. म्हणजे येथें शैलीचा दोष आणि दयेचा दोष हे दोन नाहींत. सैल टांका हा एकच दोष आहे, आणि तो रात्रीं दोन वाजतां कळतो.

घेणाऱ्याच्या जागीं आपण कधीं उभे राहणार नाहीं, या समजुतींतून असा टांका निघतो. पुणेंकरांस ही समजूत शोभत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण, वेल्हें तालुक्यांतलेंच तें, फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील सुशिक्षित घरें एका दिवसांत उघड्यावर पडलीं. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं तेव्हां परक्यांचीं पांघरुणें घेतलीं. पुढें कित्येक वर्षें त्यांच्या बोलण्यांत दोनच प्रकारचे दाते येत: धुवून घडी करून पाठविणारे, आणि बोळा करून पाठविणारे. दात्यांचीं नांवें त्यांस ठाऊक नव्हतीं. घडी आठवत होती.

विक्रीसाठीं गोधड्या शिवण्याचा मार्गही आहे, आणि आम्ही त्यास नांवें ठेवीत नाहीं. कष्टाचें मोल मिळालें पाहिजे. मात्र त्यांत एक धोका आहे आणि त्यावर एक तोडही आहे. अमेरिकेंत अलाबामामध्यें जीज बेंड येथें, गुलामांच्या वंशांतील कृष्णवर्णीय स्त्रियांची गोधड्यांची परंपरा आहे. त्या परिसरांतील बायांनीं १९६६ सालीं सहकारी मंडळ काढलें, आणि १९७२ सालीं एका मोठ्या दुकानाकडून त्यांस कॉर्डरॉयच्या उशांच्या आवरणांचें काम मिळालें. सगळीं आवरणें एकाच मापाचीं, एकाच नमुन्याचीं; हात बांधलेले. पण उरलेले तुकडे बायांनीं घरीं नेले आणि त्यांच्या आपल्या मनच्या गोधड्या शिवल्या. २००२ सालीं या गांवच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, आणि टीकाकारांनीं त्यांस आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीस बसविलें. भिंतीवर लागल्यानें गोधडीचें कल्याण होतें असें आमचें मत नाहीं; पण तेथें कोणीं तरी ओळन् ओळ वाचली.

आमच्या टीकेनें मंडळांत थोडी नाराजी झाली. मग कोणाच्या तरी ओळखीनें वेल्ह्याकडील एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, पुण्यास मुलाकडे राहणाऱ्या. त्यांनीं सूर्यफुलाची गोधडी उलटी केली, टांक्याखालीं करंगळी घातली आणि म्हणाल्या, "ताई, ह्यात लेकरू निजणार न्हवं? मग त्याच्या पायाचं बोट अडकंल की ह्यात." आम्हीं एवढें पाल्हाळ केलें, त्यांत हा मुद्दा आम्हांस सुचला नव्हता. नंतर त्यांनीं फुलावरून हात फिरविला. "फूल ऱ्हाऊ द्या. लई झ्याक हाय."

फूल राहिलें, बाकी सर्व उसवलें. आंतल्या साड्या काढून ठेवल्या आणि सुती कापडाची मागणी झाली. येथें खरी अडचण आली, कारण घरांत जें सुती आणि जुनें उरलें होतें तें नकोसें नव्हतें, जपून ठेवलेलें होतें. एकीनें सासूबाईंचें इरकली लुगडें आणलें. तें तिनें पिशवींतून दोनदां बाहेर काढलें आणि दोनदां आंत ठेवलें. तिसऱ्या वेळीं काढलें तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. तें तळाला पसरलें गेलें.

या चालीनें थंडीपूर्वीं नऊ नव्हे, पांचच गोधड्या होतील असें दिसतें. राहिलेल्या चार मुलांचें काय, हा प्रश्न निघाला तेव्हां पुन्हां कृत्रिम साड्यांकडे कांहींचे डोळे गेले, आणि त्यांचें चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. बाईंनीं विचारलें कीं, मुलें लहान आहेत ना? मग पांचांतल्या चार गोधड्या हातभर रुंद धराव्या. दोघे दोघे निजतील. त्याप्रमाणें मापें बदललीं आहेत, आणि पहिलीच्या चौकोनांत आंतल्या बाजूस अद्याप दोन हात काम बाकी आहे.