लायबेरियातील स्त्रियांचा शांतिलढा : एका माहितीपटाचे सामर्थ्य आणि मर्यादा

जिनी रेटिकर दिग्दर्शित ‘प्रे द डेव्हिल बॅक टू हेल’ (२००८) या माहितीपटाचा विषय लायबेरियातील स्त्रियांनी घडवलेली शांतता हा आहे. या देशाने १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे भोगली. २००३ साली राजधानी मनरोव्हियात ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे परिधान करून मासळीबाजाराच्या मैदानात धरणे धरून बसल्या. लेमा बोवी यांचे नेतृत्व आणि असातू बा केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी स्त्रीची साथ यांतून ही एकजूट कशी घडली, हे माहितीपट प्रत्ययकारी रीतीने दाखवतो. युद्धातील स्त्री ही केवळ पीडिता नसते, हे तो ठामपणे सांगतो. हेच त्याचे सामर्थ्य होय.

मात्र शासनसुधारणेच्या दृष्टीने पाहता त्याची मर्यादा जाणवते. अक्रा येथील वाटाघाटींच्या सभागृहाचे दार स्त्रियांनी अडवले, हा त्यातील परमोच्च प्रसंग. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. पुढे एलेन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या (२००६) आणि कथा सुफळ संपूर्ण होते. परंतु खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. दाराबाहेर बसलेल्या स्त्रियांना दाराच्या आत किती जागा मिळाली?

डिसेंबर २००५ मध्ये बलात्कारविरोधी कायदा कठोर करण्यात आला. त्यामागे महिला वकिलांच्या संघटनेचे चिकाटीचे श्रम होते. असे कागदोपत्री काम पडद्यावर रंगत नाही, म्हणून ते चौकटीबाहेर राहते. प्रतिनिधिगृहाचे चित्र तर अधिक बोलके आहे. २००५ च्या निवडणुकीत ६४ पैकी ८ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ मध्ये ७३ पैकी ८. उमेदवारीत ३० टक्के प्रमाण राखण्याचा ‘प्रयत्न’ पक्षांनी करावा, एवढेच २०१४ ची कायदादुरुस्ती सांगते. प्रयत्न आणि बंधन यांतील अंतर या आकड्यांत दिसते.

माहितीपट स्त्रियांना प्रामुख्याने ‘आई’ म्हणून उभे करतो. युद्ध थांबवण्यासाठी मातृत्वाचा नैतिक अधिकार पुरला. पण उमेदवारी, निवडणूक निधी आणि पक्षसंघटना यांच्यापुढे तो अपुरा पडतो. म्हणून हा माहितीपट वर्गात अवश्य दाखवावा, परंतु त्याच तासाला प्रतिनिधिगृहाचे आकडेही फळ्यावर लिहावेत. अन्यथा एका स्त्रीची राष्ट्राध्यक्षपदी निवड म्हणजेच स्त्रियांचा राज्यकारभारातील सहभाग, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात घर करून राहील.