कर्करोगाची लोकल : उपमा कुठवर चालते?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला कर्करोगाचा शरीरातील फैलाव समजावताना लोकलचा नकाशा आठवणे स्वाभाविक आहे. मुलांना तो तोंडपाठ असतो. उपमा चांगली आहे. पण ती कुठे संपते हे सांगितले नाही, तर चुकीची समजूत पक्की होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती तपासून पाहू.

प्रथम गुण. बदलापूरहून निघा की टिटवाळ्याहून, ठाण्याला जाताना कल्याण लागतेच. मोठ्या आतड्यातील रक्तही असेच एका शिरेत जमून आधी यकृतात जाते आणि मग हृदयातून फुप्फुसांत. म्हणूनच दूरच्या अवयवांतील दुय्यम गाठी प्रामुख्याने यकृतात, नंतर फुप्फुसांत आढळतात. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त मात्र यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाऊ शकते. तो डोंबिवलीचा प्रवासी. त्याला कल्याण लागत नाही. तिथला कर्करोग यकृत सोडून थेट फुप्फुसांत कसा दिसतो, हे कोडे नकाशा सोडवतो. ओटीपोटातील शिरा कण्याभोवतीच्या, झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात. खोकताना किंवा कुंथताना दाब वाढला की रक्त त्या आडवाटेने जाऊ शकते, हे बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवले. ही जणू दिव्याहून वसईकडे जाणारी लाईन : कल्याण नाही, ठाणेही नाही.

आता दोष. स्नायूंना रक्ताचा मोठा वाटा मिळतो, तरी त्यांत दुय्यम गाठ क्वचितच आढळते. प्लीहेचेही तेच. असे का, हे नकाशा सांगत नाही. स्टेशनवर उतरणे म्हणजे त्या गावात घर करणे नव्हे. रक्तात शिरलेल्या बहुतेक कर्कपेशी मरून जातात. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासून म्हटले, की बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच मातीत रुजते. १९८० मध्ये हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या शरीरात फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोवले आणि त्वचेच्या एका कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी वाढल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यांत नाही.

पण बी आणि माती हेही शेवटी रूपकच. रुजले का, तर माती मानवली म्हणून. मानवली कशावरून, तर रुजले म्हणून! एवढ्यावर थांबलो, तर ते स्पष्टीकरण नव्हे, नुसते नामकरण. मातीत नेमके काय आहे, हा प्रश्न वर्गात उघडा ठेवावा.

तिसरी वाट तर रुळांवरची नाहीच. आतड्याची भिंत भेदून कर्कपेशी पोटाच्या पोकळीत सांडतात आणि उदराच्या आवरणावर, अंडाशयावर, कधी बेंबीपाशीही रुजतात. आपल्याकडे या वाटेला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ होते आणि सुमारे १३ टक्के गाठी मुद्रिकेच्या आकाराच्या पेशींच्या होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारण एक टक्का असते. हा प्रकार यकृतापेक्षा उदराच्या आवरणाकडे अधिक वळतो. म्हणजे पाठ्यपुस्तकातला परदेशी नकाशाही इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

ही चिकित्सा कशासाठी? कारण ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ हा समज आपल्या घराघरांत आहे. अपुरी उपमा त्याला खतपाणी घालते : जणू गाडी यार्डात उभी होती आणि शल्यचिकित्सकाने सिग्नल दिला. वस्तुस्थिती अशी, की पेशी शस्त्रक्रियेच्या आधीच निघालेल्या असू शकतात. आणि गाठ जागच्या जागी असताना काढून टाकणे हाच बरे होण्याचा मुख्य मार्ग आहे. या भीतीने चार महिने घालवलेला रुग्ण पुढे यकृतातील गाठ घेऊन आला, तर दोष सुरीला दिला जातो, वाया गेलेल्या महिन्यांना नाही.

तेव्हा नकाशा फळ्यावर जरूर काढा. मात्र त्याखाली तीन प्रश्न लिहा : पेशी कोणत्या वाटेने गेली? ती जगली का? तिथे ती रुजली का? लोकल फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, तेही अर्धेच.